सगळ्याला टिक केलं, तरी फोल्डर कोणी काढला ते दिसेना

निपाणीजवळच्या एका क्रेडिट सोसायटीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एकाने विचारलंय. एक मशीन सर्व्हर म्हणून बाजूला ठेवलंय, काउंटरवर आणि आत मिळून सात मशीन, सगळीकडे विंडोज, डोमेन (म्हणजे सगळ्यांची खाती एका मुख्य मशीनवरून सांभाळण्याची व्यवस्था) नाही, साधा वर्कग्रुप, प्रत्येक मशीनची खाती वेगळी. सर्व्हरवरच्या शेअरमधून, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरातून, कर्जप्रकरणांच्या स्कॅनचा एक फोल्डर नाहीसा झाला. कोणी काढला म्हणून चेअरमन मागे लागले. यांनी लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडून ऑडिट पॉलिसीत, म्हणजे मशीनवर घडणाऱ्या कशाकशाची नोंद ठेवायची ते ठरवणाऱ्या यादीत, दिसलेल्या नऊच्या नऊ ओळींना सक्सेस, फेल्युअर दोन्ही टिक केलं. दोन दिवसांनी बघतात तर सिक्युरिटी लॉगमध्ये जेमतेम मागच्या तीन तासांच्या नोंदी. आता त्यांचा प्रश्न असा की यातलं काय ठेवू, काय काढू, आणि गेल्या आठवड्यात फोल्डर कोणी काढला ते आता कळेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, चेअरमन त्यासाठीच थांबलेत. ऑडिट लॉगमधून ते कळणार नाही. फोल्डर गेला त्या दिवशी फाइलींचं ऑडिट सुरूच नव्हतं. विंडोज आपणहून कोण कधी आत आलं एवढं लिहून ठेवतं, त्यातून निदान त्या वेळी सर्व्हरला कोण जोडलेलं होतं ते दिसलं असतं. पण सगळ्याला टिक केल्यावर जो पूर आला त्यात त्या जुन्या नोंदीही वाहून गेल्या. वाईट वाटून घेऊ नका, मीही सुरुवातीला हेच केलं होतं.

कोणी काढला ते शोधण्याआधी एक करा. फोल्डर खरंच पुसला गेलाय का ते बघा. बेळगाव, खानापूर, संकेश्वर अशा फिरतीत मला असे बरेच फोन येतात, आणि पुष्कळदा फोल्डर शेजारच्याच फोल्डरात बसलेला सापडतो. घाईत माउसचं बटण दाबलेलं राहतं आणि फोल्डर ओढला जातो. अख्ख्या ड्राइव्हवर नावाने शोधा. तिथे नसेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स दिसतात का बघा, नाहीतर बॅकअप काढा. रिसायकल बिन उघडत बसू नका, नेटवर्कवरून काढलेली फाइल तिथे जात नाही. एनटीएफएस ड्राइव्हचं (विंडोज डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत) स्वतःचं एक जर्नल असतं, एफएसयूटिल कमांडने ते वाचता येतं. ते अजून फिरून पुसलं गेलं नसेल तर फाइल कधी गेली ते त्यात मिळेल. कोणी घालवली ते मात्र त्यात नसतं.

आता पुढचं. तुम्ही कॅटेगऱ्या विचारल्यात, पण मला तुमच्या प्रश्नात एक वेगळीच गोष्ट खटकली. सगळे काउंटर सर्व्हरला एकाच नावाने जोडलेत, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. मग कुठलीही कॅटेगरी सुरू करा, लॉग इमानदारीने सांगेल की ‘ॲडमिन’ने फोल्डर काढला. ॲडमिन म्हणजे कॅशियर, मॅनेजर, संध्याकाळी पिग्मीचा हिशोब चढवणारा पोरगा आणि तुम्ही स्वतःसुद्धा. विचारलं तर प्रत्येक जण म्हणणार, ‘मी न्हाई ओ काढलो.’ आणि त्यांना खोटं ठरवायला तुमच्याकडे काहीही नसणार.

म्हणून पहिलं काम खात्यांचं. सर्व्हरवर प्रत्येक माणसाचं वेगळं खातं, त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं तो बसतो त्या मशीनवर. नावं ठेवताना पाटील१, पाटील२ असं करू नका. आपल्याकडे एका शाखेत तीन पाटील सहज निघतात आणि वर्षभराने दोन नंबरचा कोण ते कोणालाच आठवत नाही. कर्मचारी क्रमांक जोडा. स्टाफला ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमधून बाहेर काढा, नाहीतर ज्याच्यावर नजर ठेवायची तोच नोंदवही पुसू शकतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी दोनदा पडलोय. वेगळी खाती केली, लोक आपापल्या नावाने लॉगिन करू लागले, तरी सर्व्हरच्या लॉगमध्ये ॲडमिनच दिसत राहिला. कारण कधीतरी शेअर जोडताना कोणीतरी सर्व्हरच्या ॲडमिनचा पासवर्ड टाकून ‘लक्षात ठेव’वर टिक केलेलं असतं. तो पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन बसतो आणि काउंटरवर बसलेल्या माणसाच्या नावाऐवजी तोच सर्व्हरकडे जातो. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक खात्यात जाऊन तो काढून टाका आणि सर्व्हरच्या ॲडमिनचा पासवर्डही बदला.

एवढं झालं की कॅटेगऱ्यांकडे वळू. ऑडिट म्हटलं की आपल्या सोसायट्यांत मार्चएंड आणि ऑडिटरचा चहा आठवतो. विंडोजचं ऑडिट त्यापेक्षा साखर कारखान्याच्या काट्यावरच्या रजिस्टरसारखं आहे. चिकोडीकडे उसाच्या हंगामात काट्यावर उभं राहून बघा. गाडीचा नंबर, कोणाचा ऊस, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, एवढंच लिहितात. ट्रॉलीत किती कांड्या आहेत ते कोणी मोजत नाही. मोजायला बसले तर रांग हायवेपर्यंत जाईल आणि रजिस्टर दुपारीच संपेल. तुम्ही नऊ ओळींना टिक करून कांड्या मोजायला लावल्यात.

नेमकं काय झालं ते सांगतो, कारण हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. त्या नऊ ओळी जुन्या काळच्या ठोक कॅटेगऱ्या आहेत. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून प्रत्येक ओळीच्या पोटात सबकॅटेगऱ्या आल्या आणि विंडोज ७ पासून त्या पॉलिसीच्या खिडकीतून लावता येऊ लागल्या. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत अगदी खाली ‘ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशन’ आहे, तिथे पन्नासवर सेटिंगं दिसतील. तुम्ही वरच्या नऊमध्ये ‘ऑब्जेक्ट ॲक्सेस’ला टिक केलंत तेव्हा तिच्या पोटातलं सगळं सुरू झालं. तुम्हाला त्यातली फक्त ‘फाइल सिस्टिम’ हवी होती. सोबत ‘फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन’ आली, म्हणजे मशीनने नेटवर्कवर केलेल्या प्रत्येक जोडणीला एक ५१५६ नंबरची नोंद. अँटिव्हायरस अपडेट शोधतोय, नोंद. ब्राउझर उघडला, नोंदींचा ढीग. भरीला ‘हँडल मॅनिप्युलेशन’ आणि तिकडून ‘प्रिव्हिलेज यूज’. तुमचा लॉग उघडून नोंदी इव्हेंट नंबरप्रमाणे लावून बघा, हेच तीन-चार नंबर पानंच्या पानं भरून दिसतील. आणि लॉगची कमाल साइज मुळात २० एमबी. भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं.

तेव्हा वरच्या नऊ ओळींवरचे टिक आधी सगळे काढा आणि पुन्हा तिकडे जाऊ नका. वरचं आणि खालचं दोन्ही लावलं तर कुठलं चालेल याचा भरवसा राहत नाही. सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये ‘ऑडिट: फोर्स ऑडिट पॉलिसी सबकॅटेगरी सेटिंग्ज’ अशी सुरू होणारी एक ओळ आहे, ती एनेबल करा म्हणजे खालच्याचंच ऐकलं जाईल. मशीनवर प्रत्यक्षात काय चालू आहे ते पॉलिसीच्या खिडकीत बघून ठरवू नका. तिथे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ दिसलं म्हणजे बंद आहे असं नाही. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ऑडिटपॉल या कमांडला सगळ्या कॅटेगऱ्या दाखवायला सांगा, ती दाखवते ते खरं. त्याच कमांडने आताच्या सेटिंगचा बॅकअप एका फाइलमध्ये निघतो. काही बदलायच्या आधी तो काढाच.

आता काय सुरू ठेवायचं. हे तुमच्या सोसायटीपुरतं सांगतोय. डोमेन असतं तर खात्यांची तपासणी डोमेन कंट्रोलरवर नोंदली गेली असती आणि यादी बदलली असती. सर्व्हरवर ‘लॉगऑन’ सक्सेस आणि फेल्युअर दोन्ही, ‘लॉगऑफ’, ‘अकाउंट लॉकआउट’ आणि ‘स्पेशल लॉगऑन’. वर्कग्रुपमध्ये खाती सर्व्हरवरच असतात, म्हणून ‘क्रेडेन्शियल व्हॅलिडेशन’ही (नाव-पासवर्डची तपासणी) सर्व्हरवर, सक्सेस आणि फेल्युअर दोन्ही. खाती बनवणं, काढणं, कोणाला ॲडमिन ग्रुपमध्ये घालणं यासाठी ‘यूजर अकाउंट मॅनेजमेंट’ आणि ‘सिक्युरिटी ग्रुप मॅनेजमेंट’, या दोन्हींच्या नोंदी दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात, पण आल्या की वाचायच्या असतात. ‘ऑडिट पॉलिसी चेंज’ हवीच, कोणी तुमची ही व्यवस्था बदलली तर ४७१९ नंबरची नोंद येते. ‘सिक्युरिटी स्टेट चेंज’ आणि ‘सिस्टिम इंटिग्रिटी’ राहू द्या. मग ऑब्जेक्ट ॲक्सेसमधून फक्त ‘फाइल सिस्टिम’ आणि ‘फाइल शेअर’, दोन्हींना नुसतं सक्सेस. ‘डिटेल्ड फाइल शेअर’ला हात लावू नका. नाव सारखं असलं तरी ती प्रत्येक फाइलच्या प्रत्येक स्पर्शाला नोंद करते.

काउंटरच्या मशीनवर याहून कमी पुरतं. तिथे लॉगऑनबरोबर ‘अदर लॉगऑन लॉगऑफ इव्हेंट्स’ ठेवा, त्यात स्क्रीन लॉक आणि अनलॉक केल्याची वेळ येते, ४८०० आणि ४८०१. मशीन उघडं टाकून कोण जेवायला गेलं होतं हे त्यातून निघतं, आणि खरं सांगू का, सोसायट्यांत मी पाहिलेल्या निम्म्या भानगडींचं मूळ तिथेच असतं. पेन ड्राइव्हची काळजी असेल तर ‘पीएनपी ॲक्टिव्हिटी’ पुरे, नवीन काही जोडलं की ६४१६ येतो. डीएस ॲक्सेस तुमच्याकडे डोमेनच नसल्यामुळे निरर्थक. प्रिव्हिलेज यूज बंद. ‘प्रोसेस क्रिएशन’ उपयोगी आहे, पण वाचणारा माणूस असेल तरच. तिच्यात कमांड लाइन लिहायचं जोड-सेटिंग आहे, ते तर विचार करूनच लावा, कारण कमांडमध्ये कोणी पासवर्ड टाइप केला तर तो लॉगमध्ये उघडा येतो.

या सबकॅटेगऱ्यांना मराठी नावं देण्याच्या भानगडीत मी पडलेलो नाही. बायलॉज कन्नडमध्ये, बोलणं मराठीत आणि पडद्यावर इंग्रजी अशी आपली रीत, त्यात चौथी गडबड कशाला.

इथपर्यंत करूनही तुम्ही एखादी फाइल काढून बघितलीत तर लॉगमध्ये काहीच येणार नाही. बहुतेक जण याच ठिकाणी अडकतात. ‘फाइल सिस्टिम’ सुरू करणं म्हणजे काट्यावर माणूस बसवणं. कुठल्या रस्त्याच्या गाड्या मोजायच्या ते त्याला वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी कर्जप्रकरणांच्या मुख्य फोल्डरवर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड आणि मग ऑडिटिंगचा टॅब. तिथे ‘एव्हरीवन’ घाला, प्रकार सक्सेस, आणि परवानग्यांच्या लांबट यादीतून फक्त ‘डिलीट’ आणि ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ निवडा. एव्हरीवन अशासाठी की उपद्रव करणारा माणूस आपण आधी ठरवलेल्या ग्रुपमध्ये असेलच असं नाही. वाचण्याला टिक करू नका, नाहीतर रात्रीचा बॅकअप आणि अँटिव्हायरस मिळून लॉग भरतील. हे फक्त एनटीएफएस ड्राइव्हवर चालतं. शेअर एखाद्या एक्सफॅट डिस्कवर ठेवला असेल तर तो टॅबच दिसणार नाही. सी ड्राइव्हच्या मुळावर किंवा विंडोजच्या फोल्डरवर असलं काही लावू नका.

आता वाचायचं कसं. एखाद्या काउंटरवरून मुद्दाम ‘चाचणी’ नावाची फाइल काढा. सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ नंबरने गाळून बघा. त्यात फाइलचं पूर्ण नाव, खात्याचं नाव आणि ‘डिलीट’ हा ॲक्सेस दिसेल. थांबा, एवढ्यावर कोणाला धरू नका. फाइलचं नाव बदललं किंवा ती त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे हलवली तरी विंडोज डिलीटचाच हक्क मागतं आणि ४६६३ तसाच दिसतो. फाइल खरोखर गेली असेल तर पाठोपाठ ४६६० येतो. त्याच्यात फाइलचं नाव नसतं, पण हँडल आयडी, म्हणजे उघडलेल्या फाइलीला विंडोजने दिलेला तात्पुरता नंबर, असतो, तो ४६६३ मधल्याशी जुळवायचा. जुळला तर पुसली, ४६६० नसेल तर बहुधा हलवली. एक्सेल आणि वर्ड आणखी गोंधळ घालतात. सेव्ह करताना ते आधी तात्पुरती फाइल बनवून मग नावं फिरवतात, त्यामुळे नुसतं सेव्ह केलं तरी डिलीटच्या नोंदी उमटतात. त्या फाइलींची नावं विचित्र असतात, एकदा बघून ठेवा म्हणजे पुढे घाबरायला होणार नाही.

कुठल्या मशीनवरून काढली ते ४६६३ सांगत नाही. त्यातला लॉगऑन आयडी घ्या आणि त्याच आयडीचा ४६२४ शोधा. नेटवर्कवरून आलेल्याचा लॉगऑन टाइप ३ असतो आणि त्यात आयपी पत्ता मिळतो. शेअरच्या ५१४० नोंदीतही तो असतो. एवढी साखळी जुळली की चेअरमनसमोर कागद ठेवता येतो. अमुक खातं, अमुक मशीन, अमुक वेळ. खुर्चीत प्रत्यक्ष कोण होतं ते मात्र कॅमेऱ्यावरून किंवा माणसांना विचारूनच. लॉग खात्यापर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही, हे कागद देताना तोंडानेही सांगा. नोकरीचा प्रश्न असतो एखाद्याच्या.

लॉगची साइज सर्व्हरवर मी १ जीबी करतो, म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये १०,४८,५७६ केबी, आणि काउंटरवर २०० एमबीच्या आसपास. किती दिवस पुरेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तुमच्या कामावर आहे. चार दिवस चालवून लॉगने किती एमबी खाल्ले ते बघा, त्रैराशिक तुम्हाला येतंच. शिवाय रात्री टास्क शेड्युलरमधून लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, डब्ल्यूईव्हीटीयूटिल कमांडने ती निघते. कोणी सर्व्हरवरचा लॉग साफ केला तर ११०२ ही नोंद उरतेच, पण नुसती तीच उरून काय उपयोग.

भरल्यावर काय करायचं यात तीन पर्याय दिसतील. जुन्यावर लिहा, भरला की बाजूला ठेवून नवा सुरू करा, किंवा अजिबात पुसू नका. तुमच्यासाठी पहिला. दुसरा चांगला आहे, पण जुन्या फाइली सी ड्राइव्हवरच साठत जातात आणि १२० जीबीच्या एसएसडीवर एक दिवस जागाच संपते. तिसऱ्याची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी कुठल्याशा चेकलिस्टवरून ‘पुसू नका’ लावलं आणि वर ‘ऑडिट लिहिता आलं नाही तर मशीन ताबडतोब बंद करा’ हेही एनेबल केलं. फार कडक काम केल्यासारखं वाटलं. महिन्याअखेरीला पगाराच्या दिवशी लॉग भरला आणि मशीन धाडकन बंद. परत सुरू केलं तर ॲडमिनशिवाय कोणालाच आत घेईना, आणि ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. मी त्या वेळी खानापूरच्या पुढे, मोबाइलला रेंज नाही. दुपारी पोचलो तेव्हा कामगार दारात उभे होते. ते सेटिंग फार मोठ्या गुपिताच्या जागी ठीक असेल, सोसायटीत नको.

घड्याळ विसरू नका. लाइट गेली-आली की जुन्या मशीनची बायोस बॅटरी संपलेली असेल तर तारीख भलतीकडेच जाते आणि तुमची सगळी साखळी तुटते. बॅटरी बदला, इंटरनेट टाइम सुरू ठेवा. वेळ कोणी बदलली तर ४६१६ येतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तर घड्याळ जुळवण्याबरोबर लॉग १८० दिवस जपून ठेवायला आणि घटना ६ तासांत कळवायला सांगितलंय. तुमची सोसायटी कर्नाटकच्या सौहार्द कायद्याखालची आहे की केंद्राच्या मल्टिस्टेट कायद्याखालची, आणि नेमकं काय काय लागू होतं, ते तुमच्या ऑडिटरकडून लेखी घ्या. मी मात्र रात्रीच्या प्रती १८० दिवस ठेवायचं सगळ्यांनाच सांगतो. डिस्क आता महाग राहिलेली नाही.

हे सुरू करण्याआधी स्टाफला एकत्र बसवून सांगा की फाइली काढल्याच्या नोंदी आजपासून राहतील. चोरून लावलेला सापळा म्हणून लावू नका. एका ठिकाणी नुसतं सांगितल्यावरच दुसऱ्या दिवशी ‘हरवलेला’ फोल्डर जागेवर परत आला होता. कोणी ठेवला ते आम्ही विचारलं नाही.

सात मशीनवर हाताने करू नका. एकावर नीट लावून, चाचणी घेऊन, ऑडिटपॉलच्या बॅकअपची फाइल बाकीच्यांवर रिस्टोअर करा. सर्व्हरची वेगळी, काउंटरची वेगळी. दोन मशीनवर विंडोज होम आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे लोकल सिक्युरिटी पॉलिसीची खिडकीच नाही, पण ऑडिटपॉल चालते, त्यामुळे तीच फाइल तिथेही लागेल. फोल्डरवरचं ऑडिटिंग मात्र या फाइलीत येत नाही, ते सर्व्हरवर हातानेच लावायचं आहे. आणि शेअर उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलात तर तिथे पुन्हा लावावं लागेल, तेव्हा चाचणीची फाइल काढून बघायला विसरू नका.